प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्टला चौथं काय जोडायचं? (नोव्हेंबरचा हिशोब धरून)

प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे खारघरचे तुम्ही दोघं, लग्नाला वीस वर्षं होतायत म्हणून यंदा भाऊबीज आटोपली की १२ नोव्हेंबरच्या रात्री निघणार. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट प्रत्येकी तीन रात्री ठरलंय, आणि आता ऑफिसनं सुट्टी वाढवून दिली म्हणून आणखी तीन रात्री हातात आल्यात. विमानाची तिकिटं अजून काढायचीयत, हॉटेलं कॅन्सल होणारी आहेत, चेकच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र घेऊन ठेवलीय. चौथ्या जागेसाठी यादीत साल्झबर्ग-हॉलस्टॅट (ऑस्ट्रिया), क्राकोव (पोलंड), लेक ब्लेड (स्लोव्हेनिया) आणि व्हेनिस. वर तुमच्या ताईंचं म्हणणं की युरोपला जाऊन स्वित्झर्लंड न बघताच परत येणार म्हणजे काय! वहिनींचा गुडघा दुखतो आणि त्या शुद्ध शाकाहारी. एवढंच ना?

मी ठाण्यात नौपाड्यात बसून लोकांना युरोपचे प्लॅन आखून देते, ग्रुप टूर नाही, दोघा-चौघांचे. "आणखी एक ठिकाण सुचवा" हा माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि तो विचारताना सगळे ज्या क्रमानं विचार करतात तो मला उलटा वाटतो. लोक फोटो बघतात, रील्स बघतात, त्यातलं आवडलेलं उचलतात आणि मग ते नकाशात कुठे बसतंय ते बघायला लागतात. तुमच्या यादीतली पाचही ठिकाणं देखणी आहेत, त्यावरून काहीच ठरणार नाही. ठरणार आहे ते तुमचा रूट, तुमचा महिना आणि या तीन शहरांत तुम्हाला काय बघायला मिळणार नाहीये, यावरून.

आधी एक विचारते, चौथं ठिकाण हवंच आहे का? दोन रात्री वाढल्या असत्या तर मी सरळ नको म्हटलं असतं. गाव बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरा, अकराला चेक-आउट, स्टेशन गाठा, ट्रेन, उतरून हॉटेल शोधा, खोली तीनच्या आत मिळत नाही म्हणून बॅगा रिसेप्शनला टाकून कुठेतरी कॉफी पीत बसा, यात अर्धा दिवस कधी जातो कळत नाही, मग ट्रेन दीड तासाची असो नाहीतर तीन तासांची. दोन रात्रींत अख्खा दिवस एकच हाती लागतो, तीन रात्रींत दोन लागतात, म्हणून तीनला विचार करायला हरकत नाही. पण तुम्हाला दोघांनाही एका जागी मुक्काम ठोकून आरामात फिरायला आवडत असेल तर व्हिएन्ना पाच रात्री आणि बुडापेस्ट चार, हाही चांगला प्लॅन आहे, तो कमीपणाचा अजिबात नाही. व्हिएन्नाहून ट्रेननं तासाभरात ब्रातिस्लाव्हा, म्हणजे स्लोव्हाकियाची राजधानी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी मेल्कचा मठ, तोही साधारण तासाभरावर. बॅग एकदाच उघडायची. पन्नाशीच्या आसपासच्या जोडप्यांना मी हा पर्याय आधी सांगते, आणि दहातले सात-आठ जण तोंड वाकडं करतात कारण त्यात नवीन नाव येत नाही. ते ठीक आहे, सुट्टी तुमची आहे. तुम्ही प्रश्नात स्पष्ट लिहिलंय की काहीतरी वेगळं बघायचंय, तर पुढे जाऊ.

वेगळं म्हणजे कशापेक्षा वेगळं? प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ही तिन्ही शहरं १९१८ पर्यंत एकाच हॅब्सबर्ग साम्राज्यात होती. एकच राजघराणं, बांधकामाची चवही बरीचशी एकच. प्रत्येक ठिकाणी नदी आहे, वर राजवाडा किंवा किल्ला, मोठं चर्च, ऑपेरा हाऊस, पिवळसर दगडी इमारती. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे हे खरं, पण सातव्या-आठव्या दिवशी डोळ्यांना फरक करणं जड जातं, लोक घरी आल्यावर फोटो बघत "हे व्हिएन्ना की बुडापेस्ट गं?" असं एकमेकांना विचारत बसतात. तेव्हा चौथं ठिकाण म्हणून आणखी एक राजधानी नको. छोटं गाव, डोंगर, तळं असं काहीतरी पाहिजे जिथे दोन दिवस मान वर करून घुमट बघावे लागणार नाहीत.

आता महिना. याकडे लोक सगळ्यात कमी बघतात कारण आपण नोव्हेंबर म्हणजे छान थंडीची सुरुवात असं धरून चालतो. तिकडे नोव्हेंबरच्या मध्याला चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. सकाळी सातच्या आसपास उजाडतं, म्हणजे उजेड जेमतेम नऊ तास, त्यातही ढगाळ दिवस पुष्कळ. शहरात याचा त्रास होत नाही, उलट बुडापेस्टचं पार्लमेंट दिवे लागल्यावरच खरं बघावं. पण तळं, डोंगर, निसर्ग हे सगळं उजेडावर चालतं. शिवाय ऑक्टोबर संपला की बऱ्याच बोटी बंद होतात, रोपवे देखभालीसाठी बंद ठेवतात, कारण उन्हाळ्याचा सीझन संपलेला असतो आणि स्कीइंगचा सुरू व्हायचा असतो. साल्झबर्गजवळ वेर्फेनची बर्फाची गुहा आहे, सगळे व्हिडिओवाले दाखवतात, ती मे ते ऑक्टोबरच उघडी असते. वाखाऊ खोऱ्यातली डॅन्यूबवरची बोटही तेव्हा आटोपलेली असते. म्हणून उन्हाळ्यात जाऊन आलेल्या कुणाचाही प्लॅन जसाच्या तसा उचलू नका, त्यातलं निम्मं तुमच्या तारखांना चालणार नाही.

आणि या महिन्याची एक जमेची बाजू आहे, ख्रिसमस मार्केट. त्यावर खाली येतेच, कारण तिथेच तुमचा सगळा प्लॅन फिरवायला सांगणार आहे.

आता नकाशा घ्या. प्राग ते व्हिएन्ना थेट ट्रेननं साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटं. ही एक सरळ ओळ झाली. नवीन ठिकाण या ओळीत घुसवलं की प्रवास किती तास वाढतो, तेवढंच मोजायचं. साल्झबर्ग घातलं तर प्राग ते साल्झबर्ग लिंत्सला गाडी बदलून साडेपाच तासांच्या आसपास आणि साल्झबर्ग ते व्हिएन्ना अडीच तास, म्हणजे चाराचे आठ झाले, वाढले चार. क्राकोव घातलं तर प्रागहून सातेक तास आणि तिथून व्हिएन्ना आणखी सहा-सात, म्हणजे चाराचे तेरा-चौदा. ब्लेडसाठी व्हिएन्ना ते ल्युब्लियाना सहा तास, पुढे बसनं सव्वा तास, आणि तिथून बुडापेस्टची ट्रेन आठ तासांच्या घरात, म्हणजे पावणेतीनाचे पंधरा. व्हेनिसला व्हिएन्नाहून दिवसाची गाडी साडेसात-आठ तास घेते, रात्रीची स्लीपरही आहे, पण परत यायला पुन्हा तेवढंच किंवा विमान. स्वित्झर्लंडचं म्हणाल तर व्हिएन्ना ते झुरिकच जवळजवळ आठ तास आहे आणि झुरिक म्हणजे बर्फाचे डोंगर नाहीत, त्यासाठी पुढे इंटरलाकेन वगैरे आलंच. नऊ तासांच्या उजेडात आठ तास ट्रेनमध्ये म्हणजे तो दिवस गेला, खिडकीतून बघितलं एवढंच समाधान.

म्हणजे इथवर चित्र असं, की सगळ्यात कमी धक्क्यात बसतं ते साल्झबर्ग, आणि डोंगर-तळं ही उणीवही तेच भरून काढतं. बाकीच्यांना एकदम काट मारायची नाहीये, कुणासाठी कुठलं चांगलं ते सांगते.

क्राकोव मला स्वतःला फार आवडतं आणि या यादीत सगळ्यात स्वस्तही तेच आहे. युद्धात ते बरंचसं वाचलं म्हणून जुनं गाव जुनंच आहे, नंतर उभारलेलं नाही. वावेलचा किल्ला, प्रचंड मोठा चौक, आणि १९७८ मध्ये युनेस्कोची पहिलीवहिली यादी निघाली तिच्यात क्राकोवचं जुनं गाव आणि जवळची व्हिएलिच्काची मिठाची खाण दोन्ही होत्या. पण खाणीत उतरायला सुरुवातीलाच ३८० च्या आसपास पायऱ्या आहेत, एकूण आठशे. वर यायला लिफ्ट आहे, खाली जायला मात्र त्या पायऱ्या, आणि उतरणंच गुडघ्याला जास्त जड जातं हे वहिनींना सांगायला नको. दुसरं, क्राकोवला जाणारे बहुतेक जण सत्तर किलोमीटरवरच्या ऑश्वित्झला जातात. ते बघावं असं मला वाटतं, पण लग्नाच्या वाढदिवसाच्या ट्रिपमध्ये बघायचं का हे दोघांनी बसून ठरवा, तो दिवस मनावर राहतो, संध्याकाळी वाइन घेत फिरायला जावंसं वाटत नाही. जाता जाता एक सांगते, पोलंडशी आपलं जुनं नातं आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं तिथे राहिली, आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. पोलंडला पुढे कधी स्वतंत्र जाल तेव्हा वॉर्सा-क्राकोव-ग्दान्स्क असा आठवडा करा, या ट्रिपला शेपूट म्हणून नको.

ब्लेड मे ते सप्टेंबर. तळ्यातलं बेट, त्यावरचं चर्च, बोटीतून उतरल्यावर त्या ९९ पायऱ्या, सगळं उन्हात जितकं सुंदर दिसतं तितकंच नोव्हेंबरच्या धुक्यात दिसेनासं होतं. ल्युब्लियाना शहर तर खोलगट भागात आहे, शरद ऋतूत तिथे दिवस दिवस धुकं बसून राहतं. आणि एवढ्या लांब जाऊन तीन रात्रींतला पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात. नाही.

व्हेनिसबद्दल माझं मत थोडं कडक आहे. व्हेनिस या तिन्ही शहरांपेक्षा खरंच वेगळं आहे, नोव्हेंबरात गर्दीही कमी असते. पण हाच पाणी चढण्याचा हंगाम आहे. भरतीचं पाणी अडवायला समुद्राच्या तोंडाशी मोसे नावाची दारं २०२० पासून वापरात आली, त्यामुळे मोठे पूर थांबलेत, तरी सेंट मार्क्स चौक सखल असल्यानं थोडं पाणी येऊ शकतं. आणि चाकाच्या बॅगा घेऊन पायऱ्यांचे पूल चढायचे, दुखऱ्या गुडघ्यानं. व्हेनिस इटलीच्या ट्रिपमध्ये बघा, फ्लॉरेन्स-रोमबरोबर.

स्वित्झर्लंडचं तुमच्या ताईंना एवढंच सांगा की त्यासाठी वेगळे आठ दिवस जूनमध्ये काढणार आहोत. खोटं बोलायची गरज नाही, खरंच काढा. तीन रात्रींसाठी तिथला खर्च आणि नोव्हेंबरातले बंद रोपवे, दोन्ही झेपणारे नाहीत.

तर साल्झबर्ग. आता मूळ मुद्दा, व्हिसा, कारण हॉटेल-बिटेल नंतर, हा आधी हलवावा लागेल. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील आणि मुख्य देश ठरवता येत नसेल तर जिथे पहिला प्रवेश तिथे. तुमचं आत्ता ३-३-३ होतं आणि पहिलं पाऊल प्रागमध्ये, म्हणून तुम्ही चेककडे अपॉइंटमेंट घेतलीत, ते बरोबरच होतं. पण साल्झबर्ग ऑस्ट्रियात आहे. ते जोडलं की ऑस्ट्रियाच्या रात्री सहा झाल्या, आणि मग अर्ज ऑस्ट्रियाकडेच करावा लागतो. लोक इथे काय करतात, जुन्या ३-३-३ च्या बुकिंगवर चेकचा व्हिसा काढतात आणि मग मागाहून हॉटेलं बदलतात. "कोण बघतंय" हे मला कितीतरी जणांनी ऐकवलंय. इमिग्रेशनला बुकिंग मागितलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, मी तिथे नसते, आणि पुढच्या व्हिसासाठी आपला रेकॉर्ड स्वच्छ असलेला बरा. अपॉइंटमेंट सोडायची आणि ऑस्ट्रियाची घ्यायची, काही बिघडत नाही. फी सगळीकडे सारखीच, मोठ्या माणसाला ९० युरो अधिक सेंटरचा सर्व्हिस चार्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात पण ४५ पर्यंत लांबू शकतात, म्हणून सप्टेंबर उजाडायच्या आत हे उरका, गणपतीनंतर दिवाळीवाल्यांची रांग लागते. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना चालणारा हवा, तो प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आहे ना हे पॉलिसीवर बोट ठेवून वाचा.

एक लक्षात घ्या, क्राकोव निवडलं असतं तर ३-३-३-३ होऊन चेकची अपॉइंटमेंट तशीच चालली असती. तेव्हा आता अपॉइंटमेंट हलवणं शक्यच नाहीये अशी काही अडचण असेल तर साल्झबर्ग जोडू नका, जादा रात्री प्रागमध्ये टाका, आणि तिथून एक दिवस जर्मनीतलं ड्रेस्डेन करा, थेट ट्रेननं अडीच तासांच्या आत आहे.

पण अपॉइंटमेंट हलणार असेल तर अख्खा क्रमच उलटा करा. प्रागपासून सुरू करून बुडापेस्टला संपवण्याऐवजी बुडापेस्टला उतरा आणि प्रागहून परत या. कारण मार्केट. व्हिएन्नाचं टाऊन हॉलसमोरचं मोठं ख्रिसमस मार्केट आणि बुडापेस्टची मार्केटं नोव्हेंबरच्या मध्याला उघडतात. साल्झबर्गचं कॅथेड्रलजवळचं साधारण २० तारखेच्या आगेमागे. प्रागचं मात्र महिनाअखेरीला. तुमच्या ठरलेल्या क्रमानं आणि साल्झबर्ग मध्ये घालून गेलात तर १६ ते १९ साल्झबर्गला असाल, आणि तिथे सुतारकाम चालू असेल, स्टॉल उभे पण बंद. उलट गेलात तर १३ ते १६ बुडापेस्ट, १६ ते १९ व्हिएन्ना, १९ ते २२ साल्झबर्ग, २२ ते २५ प्राग. तिन्ही मार्केटं मिळण्याची चांगली शक्यता, प्रागचं दोन्ही क्रमात हुकणारच आहे. यंदाच्या नेमक्या तारखा त्या त्या शहराच्या साइटवर बघून मगच हॉटेल पक्कं करा, एक-दोन दिवस इकडे तिकडे होतात.

विमानाला याचा काही फरक पडत नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल या तिन्हीकडून बुडापेस्टलाही आणि प्रागलाही विमानं आहेत, मल्टी-सिटी असा पर्याय निवडून जाताना बुडापेस्ट आणि येताना प्राग टाका. दोन वेगवेगळी वन-वे काढू नका, ती बहुतेक वेळा उगाच महाग पडतात. तुम्ही खारघरचे, तर तिकिटावर निघायचा विमानतळ मुंबई लिहिलाय की नवी मुंबई तेही बघून घ्या. आता दोन आहेत, आणि सर्च करताना दोन्ही एकत्र दिसतात. उतरल्यावर नवीन ईईएस पद्धतीत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची संगणकावर नोंद ठेवायच्या पद्धतीत, फोटो घेतात आणि व्हिसावेळी दिलेले बोटांचे ठसे ताडून बघतात, पहिल्या प्रवेशाला त्यात वेळ जातो, म्हणून उतरल्या दिवशी कुठलंही तिकीट बुक करून ठेवू नका.

उलट क्रमाचा दुसरा फायदा वहिनींना. बुडापेस्टला गरम पाण्याची स्नानगृहं आहेत, सेचेनी हे सगळ्यात मोठं, १९१३ चं, उघड्यावरचे हौद आणि थंडीत त्यातून वाफा निघत असतात. विमानात आठ-दहा तास पाय अवघडल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन तास ३८ डिग्रीच्या पाण्यात बसायचं. स्विमसूट, टॉवेल आणि रबरी चपला इथूनच न्या. हौदाबाहेरची फरशी गारठलेली आणि ओली असते, हात धरून चाला.

बुडापेस्टहून व्हिएन्ना आणि व्हिएन्नाहून साल्झबर्ग, दोन्ही रेलजेट या वेगवान गाडीनं. ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर स्पारशिने नावाची स्वस्त तिकिटं मिळतात, लवकर काढली तर दर निम्म्याहून कमी असू शकतो, पण त्या गाडीपुरतीच चालतात, गाडी चुकली की तिकीट गेलं. व्हिएन्ना ते साल्झबर्गला वेस्टबान ही खासगी गाडीही आहे, दोन्हीचे दर ताडून बघा. सीट रिझर्व्हेशन वेगळं असतं, थोडे पैसे जातात, तरी घ्या, मोठ्या बॅगा डब्याच्या टोकाच्या रॅकवर ठेवायच्या असतात आणि सीट शोधत बॅगा ओढत हिंडायला नको.

साल्झबर्ग गाव एवढं छोटं आहे की पहिल्या संध्याकाळी निम्मं पायी होतं. मिराबेल बागेपासून नदी ओलांडून गेट्राइडेगासे या गल्लीत यायचं, तिथे ९ नंबरच्या घरात १७५६ मध्ये मोझार्टचा जन्म झाला. वरचा किल्ला १०७७ पासूनचा, आणि चढायचं काम नाही, १८९२ पासून तिथे फ्युनिक्युलर गाडी आहे. वर उभं राहिलं की एका बाजूला गावाचे घुमट आणि पाठीमागे सरळ आल्प्स, आणि इथे कळतं की तिन्ही राजधान्यांत काय नव्हतं.

हॉलस्टॅटला मात्र जाऊ नका असं म्हणेन, आणि यावर बरेच जण माझ्याशी भांडतात. साल्झबर्गहून बस, मग ट्रेन, मग बोट, एका बाजूला अडीच तास. रेल्वे स्टेशन तळ्याच्या अलीकडच्या काठावर आणि गाव पलीकडच्या. गाडी आली की बोट सुटते, पण संध्याकाळची शेवटची बोट लवकर असते आणि ती चुकली तर त्या स्टेशनवर बाकड्यापलीकडे फारसं काही नाही. एवढं करून पोचायचं ते डोंगराच्या सावलीतल्या गावात, जिथे नोव्हेंबरात ऊन नावालाच येतं, आणि जो फोटो सगळ्यांनी बघितलाय तो उन्हाळ्यातला आहे. उजेडाच्या नऊ तासांतले पाच बस-ट्रेनमध्ये. त्यापेक्षा साल्झबर्गहून बसनं पाऊण तासावर जर्मनीतलं बेर्श्टेसगाडेन, तिथून दुसऱ्या छोट्या बसनं क्योनिगझे तळं. दोन्ही बाजूंनी कातळाच्या भिंती सरळ पाण्यात उतरलेल्या, वर २,७१३ मीटरचा वाट्झमान. इथे १९०९ पासून बॅटरीवरच्या बोटी आहेत म्हणून इंजिनाचा आवाज नाही, पाणी कापल्याचा तेवढा येतो. मध्यावर आल्यावर नावाडी बोट थांबवतो, तुतारीसारखं वाद्य काढून दोन ओळी वाजवतो आणि गप्प होतो, मग समोरच्या कड्यावरून त्याच ओळी परत ऐकू येतात. थंडीत बोट तळ्याकाठच्या सेंट बार्थोलोमे चर्चपर्यंतच जाते, पुरतं तेवढं. फेऱ्या कमी असतात म्हणून आदल्या दिवशी टाइमटेबल बघा, सकाळची पहिली किंवा दुसरी बोट धरा, आणि देश बदलतोय म्हणून पासपोर्ट बरोबर ठेवा.

त्या दिवशी पाऊस असेल तर तळं उद्यावर ढकला आणि सांक्ट गिल्गेनला बसनं जा, पन्नासेक मिनिटं. वोल्फगांग तळ्याकाठचं टुमदार गाव आहे, मोझार्टची आई तिथली. तिथल्या तळ्याकाठीही ख्रिसमस मार्केट भरतं.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका, पण पूर्ण शाकाहारी म्हणजे अंडं नको असं असेल तर विचारावं लागेल. साल्झबर्गला कासनोकन मिळतं, चीजमध्ये घोळवलेले पिठाचे गोळे वर तळलेला कांदा, पण त्या पिठात अंडं असतं. बुडापेस्टला लांगोश, भटुऱ्यासारखा तळलेला आणि वर लसूण, आंबट क्रीम, चीज, तो बहुतेक ठिकाणी बिनअंड्याचा असतो, तरी विचारून घ्या. सूप मागताना ते मांसाच्या पाण्यात केलंय का हे विचाराच, मेनूत भाज्यांचं म्हटलं तरी. ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, स्टेशनमधलं उघडं असतं. २२ ला रविवार आहे आणि त्याच दिवशी तुमची प्रागची लांब गाडी, तेव्हा डब्याची सोय शनिवारीच करा. ठेपले न्या, भाकऱ्या आठ दिवस टिकणार नाहीत.

आणि ती लांब गाडी, साल्झबर्ग ते प्राग, हीच काय ती या प्लॅनमधली दुखरी जागा. लिंत्सला गाडी बदलायची आणि लिंत्सहून प्रागच्या थेट गाड्या दिवसात मोजक्याच. बदलायला वीस मिनिटांहून कमी वेळ असलेली जोडणी घेऊ नका, लिफ्ट आहेत पण तिथे बॅगावाल्यांची रांग असते. जरा जास्त खर्च चालणार असेल तर साल्झबर्गहून चेस्की क्रुमलोवला हॉटेलच्या दारातून शटल व्हॅन मिळतात, तीनेक तास, मध्ये कुठे बॅगा उचलायला नको. तिथे दोन-तीन तास थांबून पुढे बसनं प्राग आणखी तीन तास. क्रुमलोव फारच गोड गाव आहे, नदीच्या वळणात अडकलेलं, १९९२ पासून युनेस्कोत. पण सगळे रस्ते गोट्यांचे आणि चढउताराचे. वहिनींनी तेव्हाचा गुडघा बघून आदल्या दिवशी ठरवावं. शटल बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीपर्यंत बुक करता येतं, ट्रेनचं मात्र स्वस्त तिकीट तोवर संपलेलं असेल, म्हणून या एका टप्प्याला पूर्ण दराचं धरून बजेट करा.

तिकिटं काढायच्या आधी ऑस्ट्रियाची अपॉइंटमेंट कधीची मिळतेय ते बघा आणि इथे कळवा. तारीख ऑक्टोबरात गेली तर मी वर सांगितलेला प्राग-ड्रेस्डेनचा प्लॅन धरायचा, आणि मग क्रम उलटा करायची गरज राहत नाही.